एकातून वजा करू नये

सतराशे बाराव्या ओळीवर
क्राइनने एक टीप ठेवली होती,
डचमध्ये, सगळी अक्षरं मोठी:
इथे एकातून वजा करू नये.
कारण दिलेलं नव्हतं.
तो कारणं देणाऱ्यातला नव्हताच.

मिडलबर्गच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
हीटर खोकतो, खाली कालव्यात बदकं,
आणि मी, ल्योन्त्ये,
भरतीच्या उंचीला गॅमा वितरण लावून बघते:
बांधावरून पाणी येण्याची शक्यता किती.

वितरणाच्या पोटाचं गणित सोपं.
तिथे सगळेच राहतात,
रोजची भरती, रोजचा वारा, शिंपले वेचणारे.
घोळ शेपटाचा.
हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात ना,
इथे हत्ती त्या शेपटातच असतो.

सीब्रेन नवा. हुशार. त्याने क्राइनच्या
चाळीस ओळी पुसून एकच ठेवली:
एक वजा बाकी सगळं.
कागदावर ते बरोबरच.
शाळेतल्या बाईंनी पूर्ण गुण दिले असते.

पण यंत्राला सोळाच घरं दिसतात,
सतराव्यापाशी ते आंधळं.
एकातून जवळजवळ-एक काढायला गेलं
की उसना घेतलेला दहा परत येत नाही.
उरतं शून्य,
धुऊन पालथ्या घातलेल्या बशीसारखं.
मग त्या शून्याचा लॉग,
तो पुन्हा त्याच शून्याने गुणलेला,
आणि पडद्यावर वरून खाली
एकशे सहा ठाण्यांपुढे
ही संख्या नाही
ही संख्या नाही
ही संख्या नाही
सीब्रेनला हसू आलं.
वेस्टकापेलचं ठाणं चौथ्या ओळीत होतं.
माझी आत्या तिथे राहते.

रविवारी सायकल काढली, वारा तोंडावर.
क्राइनच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक रेघ आहे,
माझ्या खांद्याहून चार बोटं वर.
दर वसंतात तो भिंत रंगवतो, रेघ सोडून.
तो तिच्याबद्दल बोलला नाही. मी विचारलं नाही.
त्याने विचारलं, कंपायलर कोणता?

दालचिनीचा बोलुस पुढे सरकवला,
चिकट बोटं पँटला पुसली,
फडताळातून कोष्टकांचं पुस्तक काढलं,
वडिलांचं, बांध खात्यातलं,
कधीतरी भिजून वाळलेलं,
पानं मिटायला तयार नाहीत.

"शेपूट वेगळं मोजायचं," म्हणाला.
"क्ष लहान असेल तर मालिका चालव.
'अ अधिक एक' ओलांडलं
की अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक,
त्याच्या पोटात आणखी एक,
खाली उतरत जा, फरक पडेनासा होईपर्यंत.
आणि सांध्यावर दोन्ही बाजूंनी ताळा घे.
गळतं ते सांध्यालाच."

"मग हे टिपेत का नाही लिहिलंस?"
"कारण दिलं की लोक वाद घालतात."

सोमवारी चाळीस ओळी परत आल्या.
सीब्रेनने स्वतः टाईप केल्या, जीभ किंचित बाहेर काढून.
चारच्या सुमारास पहिलं उत्तर:
दशांशचिन्हापुढे एकवीस शून्यं,
मग चार, मग सात.
"म्हणजे शून्यच की," तो म्हणाला.
मी म्हटलं, याचा लॉग घे.
त्याने घेतला. उत्तर आलं,
उणे अठ्ठेचाळीसच्या आसपास, साधं, हातात धरता येणारं.
बराच वेळ तो काही बोलला नाही,
मग क्राइनच्या टिपेखाली त्याने
स्वतःच्या पाच ओळी लिहिल्या, कारणांसकट.
मी तीन खोडल्या.

अजून एक राहिलंय.
सांध्यापाशी आमचं उत्तर
पुस्तकातल्या कोष्टकाशी तेराव्या अंकात जुळत नाही.
मोबाईलवर काढलेला त्या पानाचा फोटो
मोठा करून करून बघतेय:
शाई पसरलेली, कडेला तपकिरी डाग,
आणि तो अंक तीन आहे की आठ
ते पाण्यानेच ठरू दिलेलं नाही.
क्राइन म्हणतो, तीन. मग म्हणतो, बहुतेक.
मंगळवारी मी आठ धरून बघणार आहे.